लक्झरी सेडान का लक्झरी पिकअप? सीट नका बघू, खाली वाकून बघा

सोलापुरात पिकअप म्हटलं की डोळ्यापुढं मार्केट यार्डात कांद्याची पोती उतरवणारी गाडीच येते, त्यामुळं सात रस्त्याला कुणाची टोयोटाची महागडी पिकअप हायलक्स उभी दिसली की एकजण म्हणतो एवढे पैसे घालून टेम्पो कशाला, दुसरा म्हणतो आत बसून बघ, सेडानच आहे. दोघंही चुकतात, पण दुसऱ्याचं ऐकून लोक लाखो रुपये घालतात म्हणून लिहितोय.

आत बसलं की फरक कळत नाही हे खरंय. लेदर सीट, टचस्क्रीन, क्रूझ कंट्रोल, सगळं दोन्हीकडं. पण टोयोटाच्याच दोन गाड्या घ्या. कॅमरी ही सेडान मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच, चारी चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र. हायलक्सला खाली ट्रकसारखी चासी, तिच्यावर बॉडी बसवलेली, आणि मागं पाटे, म्हणजे ट्रकला असतात तशा लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग. पाटे वजन पेलायला बनवलेले असतात, म्हणून गाडी रिकामी असली की ते दबतच नाहीत, खड्ड्याचा दणका सरळ मागच्या सीटवर.

आमच्या मामांची सांगोल्याकडं डाळिंबाची बाग आहे, त्यांच्याकडं अशीच एक डबल कॅब, म्हणजे मागंही सीट असलेली पिकअप आहे. रिकामी घेऊन निघालो तर पहिल्याच स्पीडब्रेकरला पाण्याची बाटली उडून मामींच्या मांडीवर, आणि येताना वीस-वीस किलोचे पंधरा क्रेट मागं टाकले तर त्याच स्पीडब्रेकरवरनं गाडी अशी गेली की मामी जाग्यापण झाल्या नाहीत. तेव्हा मला पिकअप समजली, तिला माल लागतो.

सेडानचं उलटं, ती माणसांसाठीच केलेली. मागची सीट टेकून बसायची, मागं बंद डिकी त्यामुळं आवाज कमी. डबल कॅबमधे सीटच्या मागं लगेच पत्रा, म्हणून पाठ ताठ राहते, अक्कलकोटपर्यंत काही वाटत नाही पण पुण्यापर्यंत आईला बसवून बघा.

ताकदीचं म्हणाल तर दोन्ही दमदार, फक्त जात वेगळी. कॅमरी २.५ लिटर पेट्रोल हायब्रिड, २३० पीएस, हायवेला सुसाट आणि वळणावर जमिनीला चिकटून. हायलक्स २.८ डिझेल, ऑटोमॅटिकला ५०० एनएम टॉर्क म्हणजे ओढायची ताकद, फोर बाय फोर म्हणजे चारी चाकांना जोर, ७०० मिमी पाण्यातनं जाते, शेतातल्या चिखलात कॅमरी हिच्यापुढं काहीच नाही. लांबी मात्र ५३२५ मिमी, कॅमरीपेक्षा ४० सेंमी जास्त, नवी पेठेत लावायला जागा शोधत बसाल.

मर्सिडीजनं पण लक्झरी पिकअप करून बघितली बरं का. २०१७ ला निसान नवाराच्या पायावर एक्स-क्लास काढली, मागं पाटे नव्हते, कारसारख्या कॉइल स्प्रिंग होत्या, तरी २०२० ला बंद केली.

त्यामुळं टेस्ट ड्राइव्हला पिकअप रिकामीच न्या, दोन-चार स्पीडब्रेकर असलेला रस्ता धरा, आणि चालवायला दुसऱ्याला देऊन तुम्ही मागं बसा.