उशिरा आलेले पुरावे (आरोग्य तपासणीची गुणवत्ता पाहणी)

प्राथमिक आरोग्य केंद्र वा उपकेंद्राच्या गुणवत्ता पाहणीसाठी मागवलेली, पण मुदत उलटल्यावर हाती आलेली कागदपत्रे : रजिस्टरे, लाइन लिस्ट (रुग्णांची नावनिहाय यादी), प्रयोगशाळेचे अहवाल, प्रशिक्षणाच्या नोंदी. भारतात ही पाहणी मुख्यतः २०१३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांनुसार (एनक्यूएएस) होते.

ग्रामीण विदर्भात हा उशीर क्वचितच आळसापोटी होतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचेच पाहा. २०२३ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्यांची तपासणी अपेक्षित आहे. सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी गावातच होते, पण ती पॉझिटिव्ह आली तरी व्यक्ती वाहक (एएस) की रुग्ण (एसएस), हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो, अहवाल मागाहून येतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्कच तुटतो. मेळघाटातल्या दुर्गम गावांत वही भरलेली असते, पण नेटवर्कअभावी पोर्टल कोरे राहते.

काम वेळेत झाले आणि कागद मागे राहिला, ही एक गोष्ट; पाहणी ठरल्यावर घाईने काम उरकले, ही दुसरी. दोन्ही एकाच फाइलमध्ये मिसळू नयेत. पहिल्या प्रकारचा कागद आवक रजिस्टरमध्ये मिळाल्याच्या तारखेसह नोंदवून, उशिराचे कारण लिहून, पुरवणी म्हणून जोडावा. दुसऱ्यावर काम झाले तीच तारीख राहावी. जे अजून यायचे आहे त्याची यादी मूल्यांकनकर्त्यांना भेटीआधीच द्यावी.

मागची तारीख टाकणे मात्र अक्षम्य आहे, आणि ते लपतही नाही. मूल्यांकनात नोंदींबरोबर प्रत्यक्ष निरीक्षण होते, कर्मचाऱ्यांशी आणि रुग्णांशीही बोलले जाते. शिबिर कधी झाले हे गावातली बाई सहज सांगते. शिवाय प्रत्येक बाबीला ०, १ किंवा २ गुण असतात. अर्धवट झालेल्या कामालाही १ गुण मिळतो, मग खोट्या तारखेची गरजच काय?

उशिरा आलेल्या अहवालात एसएस पॅटर्न निघाला आणि घरच्यांना ते अजून कळलेच नसेल, तर फाइल बाजूला ठेवावी. सिस्टरने आशाताईंना घेऊन त्या घरी जावे, रुग्णाला उपचारासाठी डॉक्टरांकडे पाठवावे, भावंडांची तपासणी करून घ्यावी. या गृहभेटीची नोंद त्याच दिवसाच्या तारखेने होते.