‘नर्सिंग केलं की पगार पन्नास हजार’: अर्धीच गोष्ट

बारावीनंतर नर्सिंग कर, नोकरी पक्की आणि पगार पन्नास हजार, असं मुलींना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. आकडा खोटा नाही, पण तो केंद्र सरकारी नोकरीचा आहे. सातव्या वेतन आयोगानुसार एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं, वर भत्ते. या जागा स्पर्धा परीक्षेतून मिळतात.

खासगीत चित्र वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सुचवलं की, रुग्णालयात २०० हून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये. त्याहून कमी देणारे होते, म्हणूनच ना हे सांगावं लागलं! शिवाय शिफारस म्हणजे कायदा नव्हे. केरळने २०१८ मध्ये किमान वेतन अधिसूचित केलं, तेही परिचारिकांच्या आंदोलनानंतर.

पैशासाठी नर्सिंगला जाण्यात गैर काहीच नाही. ‘सेवाभाव’ म्हणत कमी पगार गळ्यात मारणाऱ्यांपेक्षा ते प्रामाणिक. फक्त कॉलेजची फी भरण्याआधी तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुलींना विचारा, हातात नेमके किती येतात. रात्रपाळीचे वेगळे मिळतात का, हेही.