बुरशी आणि जिवाणू: ‘कल्चर’ एक, जीव दोन

मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात ‘कल्चर द्या’ (म्हणजे बियाण्याला किंवा मातीला द्यायचे जिवंत सूक्ष्मजीव) म्हटलं की रायझोबियमही पुढ्यात येतं आणि ट्रायकोडर्माही. पण रायझोबियम जिवाणू आहे आणि ट्रायकोडर्मा बुरशी. दोघांचं खाणं वेगळं, मरण्याची कारणंही वेगळी.

जिवाणू एका पेशीचा. एका मिलिमीटरात हजारभर मावतील इतका बारीक. शेण, ताग असलं मऊ खाणं आणि ओल मिळाली की झपाट्यानं वाढतो. बुरशी धाग्यांनी पसरते. पऱ्हाटी, तुराट्या असलं लाकडी धसकट फोडणं मुख्यतः तिचंच काम. मुळांशी जोडलेली मायकोरायझा बुरशी तर मूळ पोचत नाही तिथलं स्फुरद (फॉस्फरस) आणून देते. मराठवाड्यातल्या चुनखडीच्या काळ्या रानात टाकलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं, म्हणून मला तिचं मोल फार वाटतं. पीएसबी हा स्फुरद विरघळवणारा जिवाणू ते मोकळं करतो, मायकोरायझा वाहून आणते.

रोटाव्हेटर फिरला की जिवाणूचं फारसं बिघडत नाही, बुरशीचे धागे मात्र तुटतात. पऱ्हाट्या पेटवल्या की तिचं खाणंही गेलं. म्हणून दरसाल नांगरलेल्या शेतात पारडं जिवाणूकडं झुकतं, आणि जंगलाच्या मातीत बुरशीकडं.

पण ‘बुरशी जास्त म्हणजे माती चांगली’ असंही नाही. तूर-हरभऱ्याचा मर रोग फ्युजेरियम बुरशीनंच येतो. शिवाय दोन्ही कमी असलेल्या मेलेल्या रानातही बुरशी-जिवाणूंचं एकमेकांशी प्रमाण कागदावर छान दिसू शकतं. आधी दोघांची एकूण संख्या बघावी, मग प्रमाण.

फसवणारा तिसराही आहे. तापलेल्या शेणखताच्या ढिगात राखेसारखा पांढरा थर दिसतो, त्याला आपण बुरशी म्हणतो. बहुतेकदा ते ॲक्टिनोमायसिटीस असतात: धाग्यांसारखे दिसणारे, पण जिवाणूच. पहिल्या पावसाचा मातीचा वासही मुख्यतः त्यांचाच.

बीजप्रक्रियेत, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला कल्चर लावताना, दोघांना एका मापानं मोजू नका. रासायनिक बुरशीनाशकासोबत ट्रायकोडर्मा लावला तर तो मरू शकतो. रायझोबियम सगळ्यात शेवटी, सावलीत लावा.

शेतातच बुरशीच्या धाग्यांचा अंदाज घ्यायचा असेल तर एक वाळलेलं ढेकूळ बांधावरून घ्या, एक वावरातून. दोन्ही काचेच्या ग्लासात पाण्यात सोडा. बांधावरचं बहुधा जास्त वेळ टिकतं, कारण तिथं गवताची मुळं आणि बुरशीचे धागे वर्षानुवर्षं कुणी तोडलेले नसतात.