सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन फ्रान्सिस्को शहराचे सार्वजनिक सामुदायिक महाविद्यालय. स्थापना १९३५ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को ज्युनियर कॉलेज’ या नावाने झाली आणि सध्याचे नाव १९४८ मध्ये मिळाले. महाराष्ट्रात ‘ज्युनियर कॉलेज’ म्हटले की अकरावी-बारावीचे वर्ग डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत मात्र बारावीनंतरची, पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणारी संस्था असा त्या शब्दाचा अर्थ होता. पुढे प्रौढांचे शिक्षण आणि व्यवसायशिक्षणही या संस्थांनी अंगावर घेतले, तसे ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले.

कॅलिफोर्नियात या संस्थांची मुळे १९०७ च्या कायद्यात आहेत. त्या कायद्याने माध्यमिक शाळांना पुढील वर्गही चालवण्याची मुभा दिली. १९६० च्या राज्यव्यापी आराखड्याने उच्च शिक्षणाची त्रिस्तरीय रचना केली. त्यानुसार बारावीपर्यंतचे शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांपैकी गुणवत्तेने वरच्या आठव्या हिश्शातल्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाची आणि वरच्या तृतीयांशातल्यांना राज्य महाविद्यालयांची दारे खुली झाली, तर शिक्षणाचा लाभ घेऊ शकेल अशा कोणासही प्रवेश देण्याची जबाबदारी ज्युनियर कॉलेजांवर आली. दोन वर्षांची सहयोगी पदवी घेऊन किंवा आवश्यक श्रेयांक (क्रेडिट) मिळवून येथील विद्यार्थी वरच्या दोन स्तरांवर तिसऱ्या वर्षात जाऊ शकतो. संपूर्ण रचनेचा भार या जिन्यावर आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

प्रारंभी महाविद्यालयाला स्वतःची इमारत नव्हती. पॉवेल रस्त्यावरील विद्यापीठाच्या विस्तार केंद्रात, गॅलिलिओ हायस्कुलात आणि शहरभर विखुरलेल्या इतर जागांत वर्ग भरत. एका तासाहून दुसऱ्या तासाला ट्रामने धावावे लागे, म्हणून लोक त्याला ‘ट्रॉली कार कॉलेज’ म्हणू लागले. १९४० मध्ये शहराच्या दक्षिण भागात, वास्तुशास्त्रज्ञ टिमोथी फ्लूगर यांनी आखलेला मुख्य परिसर (आजचा ओशन परिसर) सुरू झाला आणि विद्यार्थ्यांची धावपळ कमी झाली. विखुरलेपणाची सवय मात्र संस्थेला कायमची जडली. १९७० मध्ये महाविद्यालय शहराच्या शालेय प्रशासनापासून वेगळे झाले आणि स्वतंत्र सामुदायिक महाविद्यालय जिल्हा, म्हणजे महाविद्यालयाचा कारभार पाहणारी वेगळी यंत्रणा, अस्तित्वात आला. या जिल्ह्याकडे प्रौढशिक्षणाची केंद्रेही होती. काही काळ ती मुख्य महाविद्यालयापासून वेगळी चालवली गेली आणि १९९० च्या सुमारास दोहोंचे एकत्रीकरण झाले.

केंद्रांची ठिकाणे पाहिली की शहराची वस्ती उलगडत जाते. लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांच्या मिशन भागात एक केंद्र आहे, तर चायनाटाउन–नॉर्थ बीच केंद्र पोर्ट्समाउथ चौकाजवळ, चिनी स्थलांतरितांच्या जुन्या वस्तीत उभे आहे. आरोग्यसेवेचे अनेक अभ्यासक्रम जॉन ॲडम्स केंद्रात, तर वाहनदुरुस्ती व बांधकामाचे इव्हान्स केंद्रात चालतात. साउथईस्ट केंद्राचा जन्म जरा वेगळा आहे. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या बेव्ह्यू भागात सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा विस्तार झाला. त्याचा त्रास सोसणाऱ्या रहिवाशांना भरपाईदाखल शहराने एक सामुदायिक इमारत बांधून दिली आणि तिच्यात महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले.

या केंद्रांचा कणा म्हणजे श्रेयांक नसलेले विनामूल्य वर्ग. इंग्रजी शिकू पाहणारे नवागत, नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करणारे, शाळा अर्धवट सुटलेले प्रौढ असे विद्यार्थी येथे येतात. त्यांतील अनेकांना पदवी नकोच असते. पदव्यांच्या आकड्यांवरून अशा संस्थेचे यश मोजणे म्हणूनच अपुरे ठरते. श्रेयांकाच्या अभ्यासक्रमांतही शहराचे वैविध्य उतरले आहे. फिलिपाइन्स अभ्यास विभाग १९७० मध्ये सुरू झाला. १९७२ मध्ये समलिंगी साहित्याचा अभ्यासक्रम शिकवला जाऊ लागला आणि १९८९ मध्ये देशातील पहिला समलिंगी अभ्यास विभाग येथे स्थापन झाला.

मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरा यांचे ‘पॅन अमेरिकन युनिटी’ हे भित्तिचित्र ही महाविद्यालयाची सर्वांत मोलाची ठेव होय. १९४० मध्ये ट्रेझर आयलंडवरील प्रदर्शनात, प्रेक्षकांच्या देखत रिवेरांनी ते रंगवले. सुमारे २२ फूट उंच व ७४ फूट लांब असलेल्या या दहा फलकांच्या मध्यभागी कोआत्लिक्वे ही ॲझटेक देवता असून तिचे अर्धे अंग यंत्राचे आहे. रिवेरांची पत्नी, चित्रकार फ्रिडा काहलोही चित्रात दिसते. फ्लूगर यांच्या नियोजित ग्रंथालयात ते बसवायचे होते, परंतु ते ग्रंथालय बांधलेच गेले नाही आणि चित्र वर्षानुवर्षे पेट्यांत पडून राहिले. अखेर १९६१ मध्ये ते ओशन परिसरातील नाट्यगृहात लागले. २०२१ ते २०२४ या काळात ते शहराच्या आधुनिक कला संग्रहालयात उसने ठेवले होते. परिसरासमोरील फेलन रस्त्याचे नाव २०१८ मध्ये ‘फ्रिडा काहलो वे’ झाले. १९२० च्या निवडणुकीत ‘कॅलिफोर्निया गोऱ्यांचा ठेवा’ अशी घोषणा देणाऱ्या सिनेटर जेम्स फेलन यांच्याशी जुन्या नावाचा संबंध जोडला जात होता.

२०१२ हे वर्ष संस्थेच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात राहते. चायनाटाउन केंद्राची नवी इमारत त्या वर्षी खुली झाली आणि त्याच वर्षी, शिक्षणसंस्थांना मान्यता (अधिस्वीकृती) देणाऱ्या आयोगाने, ती का काढून घेऊ नये याची कारणे दाखवण्यास महाविद्यालयाला सांगितले. आक्षेप अध्यापनाच्या दर्जावर नव्हते. ते वित्तव्यवस्था आणि कारभारावर होते. तेव्हा विद्यार्थिसंख्या सुमारे ८५,००० होती. जुलै २०१३ मध्ये आयोगाने वर्षभरानंतर अधिस्वीकृती काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. तसे झाले असते तर संघराज्याचे विद्यार्थी-अर्थसाहाय्य थांबून महाविद्यालय बंदच पडले असते. शहराच्या विधी अधिकाऱ्यांनी आयोगावर दावा लावला, जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने निर्णयाला स्थगिती दिली आणि २०१५ मध्ये आयोगाच्या कार्यपद्धतीत कायद्याचा भंग झाल्याचे मान्य केले. जानेवारी २०१७ मध्ये पूर्ण अधिस्वीकृती परत मिळाली, पण तोवर विद्यार्थिसंख्येत मोठी घट झाली होती.

नोव्हेंबर २०१६ मध्ये शहराच्या मतदारांनी ५० लाख डॉलर व त्याहून अधिक किमतीच्या मालमत्तांच्या हस्तांतरणावरील कर वाढवला. त्या उत्पन्नाच्या आधारे २०१७ च्या शरद सत्रापासून शहरवासीयांसाठी श्रेयांकाच्या अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क, म्हणजे प्रतिश्रेयांक ४६ डॉलर, माफ झाले. उत्पन्न कमी असल्यामुळे ज्यांना हे शुल्क आधीच माफ होते, त्यांना पुस्तकांसारख्या खर्चासाठी रोख साहाय्य देण्याची तरतूदही या योजनेत करण्यात आली.