एल आणि लागर: फरक रंगाचा नाही, मुरण्याचा

"यातली लागर कुठली? ती पिवळी, हलकी, तीच ना?" पुण्यात मायक्रोब्रुअरीच्या काउंटरपाशी उभं राहिलं की हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ दुसरा: "काळी आहे म्हणजे कडक असेल." एल आणि लागर हे बिअरचे दोन मोठे प्रकार. टाक्या धुण्यापासून मी या कामाला लागलो, आता बिअर बनवतो, आणि हे दोन्ही प्रश्न मला मनापासून आवडतात. कारण त्यांचं उत्तर देताना सगळं कामच सांगावं लागतं.

रंगाचा निकाल आधी लावू. रंग येतो माल्टमधून. मोड आणून वाळवलेली बार्ली किती भाजली, त्यावर बिअर सोनेरी, तांबूस की काळी ते ठरतं. कडकपणा ठरतो साखरेवर: माल्टमधून किती साखर उतरली आणि यीस्टने, म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल करणाऱ्या सूक्ष्मजीवाने, त्यातली किती खाल्ली. गिनेसची ड्राफ्ट स्टाउट काळीकुट्ट असते, पण अल्कोहोल सव्वाचार टक्क्यांच्या आसपास, आणि ती एल आहे. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाची डुंकेल गडद तपकिरी, तरी ती लागर. जर्मनीतल्याच कलोन शहराची क्योल्श इतकी फिकट की कुणीही तिला लागर म्हणेल, पण तिचं यीस्ट एलचं. आणि आपल्याकडे दुकानात 'स्ट्राँग' म्हणून मिळणाऱ्या बाटल्या बहुतेक सगळ्या लागर.

तर फरक आहे यीस्टचा. एलचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, पावाच्या यीस्टचंच कुळ. लागरचं यीस्ट सॅकरोमायसीस पास्टोरियानस, आणि ते संकरित आहे. त्याचा एक पालक हे एलचं यीस्ट. दुसरा पालक कोण, याचा शोध बरीच वर्षं चालला होता. २०११ मध्ये तो सापडला तो थेट दक्षिण अमेरिकेत, पॅटागोनियाच्या थंड जंगलात, बीच नावाच्या झाडांवरच्या गाठींमध्ये. त्याचं नाव युबायानस. पुढे तो तिबेटमध्ये आणि आयर्लंडमध्येही मिळाला. थंडीत काम करत राहण्याचा गुण लागरला या पालकाकडून आला.

पुस्तकांत एक खूण हमखास दिलेली असते: एलचं यीस्ट वर तरंगतं, लागरचं तळाशी बसतं. उघड्या हौदांच्या काळात ते डोळ्यांना दिसायचं. आजच्या निमुळत्या तळाच्या बंद टाकीत एलचं यीस्टही शेवटी खालीच बसतं आणि आम्ही ते खालूनच काढून पुढच्या बॅचला वापरतो. त्यामुळे या खुणेवर फार विसंबू नका.

विसंबायचं ते तापमानावर आणि दिवसांवर. घरचं विरजण आठवा. मे महिन्यात दही चार-पाच तासांत लागतं, डिसेंबरात तेच पातेलं कणकेच्या डब्याशेजारी गुंडाळून ठेवावं लागतं. एलचं यीस्ट उन्हाळ्यातल्या विरजणासारखं. १८ ते २२ अंशांना जोरात फसफसतं, चार-सहा दिवसांत मुख्य काम संपवतं आणि जाताना फळांचे, मसाल्याचे वास मागे ठेवतं. गव्हाच्या हेफेवाइझनमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तेव्हा लोक विचारतात की यात केळं घातलंय का. नाही, तो सगळा यीस्टचा उद्योग. लागरचं यीस्ट ८ ते १३ अंशांना ठेवायचं. ते सावकाश चालतं, म्हणून सुरुवातीला यीस्ट एलच्या साधारण दुप्पट घालावं लागतं. वास फार कमी सोडतं, आणि बिअर स्वच्छ, कोरडी लागते.

आणि एवढ्यावर लागर होत नाही. नंतर ती शून्य अंशांच्या जवळ कित्येक आठवडे ठेवावी लागते. जर्मनमध्ये 'लागर्न' म्हणजे साठवून ठेवणं. मला मराठीतला शब्द जास्त नेमका वाटतो: मुरवणं. लोणचं बरणीत भरल्या दिवशीही खाता येतं, पण ते मुरलेलं नसतं. अगदी तसंच.

ही रीत बव्हेरियात बसली त्याला हवामान आणि हुकूम दोन्ही कारण झाले. उन्हाळ्यात बनवलेली बिअर नासायची, म्हणून १५५३ मध्ये तिथे २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायला बंदी आली. उन्हाळ्यासाठीची बिअर थंडीतच बनवून थंड तळघरांत ठेवायची, आणि त्या गारव्यात तगणारं यीस्टच पुढे टिकलं. १८४२ मध्ये बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, पिल्सेन गावाने योसेफ ग्रोल हा बव्हेरियन ब्रुअर बोलावला. बव्हेरियाची रीत, फिकट माल्ट, तिथलं मृदू पाणी आणि झाट्स भागातले हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) यांतून सोनेरी पिल्सनर झाली. लागर म्हणजे पिवळी हा समज तिच्यापासून पसरला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने लागरचं शुद्ध यीस्ट वेगळं केलं. त्याच सुमारास कार्ल फॉन लिंडेची शीतयंत्रं आली आणि लागरला डोंगरातल्या तळघरांची गरज उरली नाही.

हिंदुस्थानाचं नाव मात्र एलला चिकटलं. इंग्लंडहून जहाजाने इकडे येणारी, भरपूर हॉप्सची पेल एल (फिकट एल) म्हणजे आयपीए, इंडिया पेल एल. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डूलाली ही देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. तिचं नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलं. परतीच्या जहाजाची वाट पाहत त्या छावणीत कंटाळलेल्या गोऱ्या सोल्जरांमुळे हा शब्द 'डोकं फिरलेला' या अर्थाने इंग्रजीत गेला.

आता ब्रुअरच्या दिवसाकडे येतो, कारण हा फरक अंगाला जाणवतो तो तिथेच. सकाळचं काम दोन्हींना जवळपास सारखंच. माल्ट दळा, ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवा, रस गाळा, उकळा, हॉप्स घाला, चोथा फावड्याने उपसून गोठ्यासाठी पोत्यांत भरा. निम्म्याहून जास्त वेळ धुण्यात जातो. वाटा वेगळ्या होतात त्या उकळलेला रस थंड करताना. उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट येतं. एलसाठी वीस अंशांवर यायचं, ते जमतं. लागरसाठी दहावर यायचं तर चिलर जीव तोडून चालतो, आणि मग पुढचे सहा आठवडे तो बंद पडून चालत नाही. ड्राय डेला गिऱ्हाईक नसतं, पण टाकीकडे त्या दिवशीही जावं लागतं.

मी नवीन होतो तेव्हा एका ठिकाणी ३१ डिसेंबरसाठी लागर सोळाव्या दिवशी नळाला लावायची घाई झाली. शेवटी दोन-तीन दिवस तापमान पंधरा-सोळापर्यंत वाढवून यीस्टला स्वतःचीच राहिलेली घाण खाऊ द्यावी लागते, तेच आम्ही वगळलं. आठवड्याभरात बिअरला लोण्याचा, पॉपकॉर्नचा वास सुटला. त्या पदार्थाचं नाव डायअसिटिल. एलमध्ये फळांच्या वासाखाली तो थोडाफार लपलाही असता. फिकट लागरमध्ये लपायला जागाच नाही. हजार लिटर नाल्यात सोडले, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं. म्हणून दुसऱ्या ब्रुअरकडे गेलो की मी आधी त्याची पिल्सनर मागतो.

पाच-सहा टाक्यांच्या जागेत लागरने एक टाकी सहा आठवडे अडवली, तर तेवढ्यात त्याच टाकीतून दोन-तीन एल निघाल्या असत्या. भाडं, वीज, पगार तेवढेच. बहुतेक मायक्रोब्रुअरींच्या फळ्यावर चार-पाच एल आणि एखादीच लागर दिसते ती यामुळे. ती संपली असेल तर पुढची कधी उघडणार हे काउंटरवर विचारा. ब्रुअरला ती तारीख तोंडपाठ असते.