व्हिडिओ फाईलचे रूपांतर (स्वतंत्र प्लेअरसाठी)

संगणकावरील व्हिडिओ फाईल टीव्हीला जोडलेल्या व्हीसीडी, डीव्हीडी किंवा यूएसबी प्लेअरवर चालावी, यासाठी तिचे वेष्टन (चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारी फाईलची बाह्य रचना), चित्राचे किंवा आवाजाचे एन्कोडिंग (दाबून साठवण्याची पद्धत), अथवा हे सारेच बदलण्याची प्रक्रिया. संगणकात नवा कोडेक (चित्र-आवाज दाबणारा व उलगडणारा प्रोग्राम) केव्हाही टाकता येतो. प्लेअरमध्ये मात्र डिकोडिंग (उलगडण्याचे काम) चिपमध्येच पक्के बसवलेले असते. फर्मवेअर (प्लेअरमधील अंगभूत सॉफ्टवेअर) बदलून थोडीफार भर पडते, इतकेच. रूपांतराचे बहुतेक नियम या मर्यादेतून आलेले आहेत.

एव्हीआय, एमकेव्ही, एमपी४ ही वेष्टनांची नावे. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून बसवले आहे हे त्यावरून कळत नाही. एकाच पेनड्राइव्हवरच्या दोन एव्हीआय फाईलींपैकी एक चालते आणि दुसरीचा नुसता आवाज येतो, ते यामुळेच.

सर्वांत जुना आणि काटेकोर साचा व्हीसीडीचा (१९९३). भारतात रूढ असलेल्या पाल या टीव्ही-पद्धतीत त्याचे चित्र ३५२×२८८, वेग सेकंदाला २५ फ्रेम, संकोचन एमपीईजी-१, चित्राचा बिटरेट (माहितीचा वेग) सेकंदाला सुमारे ११५० किलोबिट आणि आवाज ४४.१ किलोहर्ट्झचा असतो. एका सीडीत जेमतेम ७४ ते ८० मिनिटे मावत असल्याने हिंदी-मराठी चित्रपट दोन-तीन सीडींत येत. डीव्हीडीत एमपीईजी-२, ७२०×५७६ आणि ४८ किलोहर्ट्झ हे आकडे आले. म्हणून व्हीसीडीवरून डीव्हीडी करताना आवाजाचेही रूपांतर करावे लागते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. पालसाठी तो सहसा २५ फ्रेमने पळवतात, तेव्हा १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. गाण्यांच्या चित्रपटात हा फरक जाणकार कानांना खटकतो; पट्टी मूळ जागी आणण्याची सोय एन्कोडरमध्ये असेल तर ती वापरणे योग्य.

रूपांतराचा खरा गुंता डिव्हएक्स या कोडेकमुळे झाला. फ्रान्समधील जेरोम रोता याने मायक्रोसॉफ्टचा एमपीईजी-४ आवृत्ती ३ हा कोडेक फोडून तो एव्हीआय वेष्टनात चालेल असा केला. काही लेखनात एका जर्मन साथीदाराचाही उल्लेख येतो. हे १९९८ मध्ये झाले की १९९९ मध्ये, याबाबत एकवाक्यता नाही. १९९८ हे साल अधिक आढळते. मात्र कोडेकचे नाव ज्या अमेरिकी भाडे-डिस्क योजनेला टोमणा मारून घेतले, ती १९९८ मध्ये सुरू होऊन जून १९९९ मध्ये गुंडाळली गेली. हे पाहता ‘१९९८-९९’ असा मोघम निर्देश अधिक सुरक्षित वाटतो. पुढे २००० च्या सुमारास कंपनी स्थापन झाली, २००१ मध्ये ओपनडिव्हएक्स खुले झाले आणि त्यातूनच एक्सव्हिड ही मुक्त शाखा फुटली. डिव्हएक्स ३.११ ही आवृत्ती एमपीईजी-४ च्या अधिकृत मानकाशी पूर्ण जुळत नव्हती, त्यामुळे २००३ च्या आसपास बाजारात आलेल्या अनेक प्लेअरना तिच्या फाईली वाचता येत नसत. फाईलमधील चार अक्षरांची कोडेक-खूण बदलून पाहण्याचा उपाय त्या काळी प्रचलित होता. एक्सव्हिडची खूण डिव्हएक्स ५ ची केली की काही प्लेअर फाईल स्वीकारत, ३.११ च्या बाबतीत तो उपाय व्यर्थ, कारण आतील रचनाच वेगळी.

खूण जुळूनही चित्र अडखळत असेल तर कारणे सहसा तीन. पाव-पिक्सेल अचूकतेचे गतिमापन (दोन फ्रेममधील हालचाल चित्राच्या ठिपक्याच्या चौथ्या भागापर्यंत मोजणे) चिपवर फार भार टाकते. संपूर्ण चित्राच्या हालचालीची भरपाई एक्सव्हिड तीन बिंदूंनी करतो, तर बहुतेक चिप एकाच बिंदूपर्यंत जातात. कॅमेरा बाजूला सरकताच चित्र थरथरते. तिसरे कारण बी-फ्रेमचे, म्हणजे मागच्या-पुढच्या फ्रेमवरून रचलेल्या फ्रेमचे. एव्हीआयच्या रचनेत एका खणात एक फ्रेम अपेक्षित असते; बी-फ्रेम बसवण्यासाठी एन्कोडर दोन फ्रेम एका खणात कोंबतो आणि पुढचा खण जवळजवळ रिकामा सोडतो. हा दोष चित्र पुन्हा न दाबता, केवळ फ्रेमची मांडणी बदलून दुरुस्त होतो. पहिल्या दोन दोषांत मात्र पुन्हा एन्कोड करणे अटळ.

हा भेद ध्यानात ठेवलाच पाहिजे. प्रत्येक नव्या एन्कोडिंगमध्ये चित्राचा काही अंश कायमचा जातो आणि मोठा बिटरेट दिला तरी तो परत येत नाही. घरच्या लग्नाचे किंवा जुन्या नाटकाचे एकमेव चित्रीकरण असेल तर आधी केवळ वेष्टन बदलून पाहावे आणि मूळ फाईल कोणत्याही परिस्थितीत पुसू नये. एफएफएमपेगसारख्या मुक्त साधनाने वेष्टन-बदल काही मिनिटांत होतो.

एच.२६४ ही संकोचन-पद्धत (२००३) आल्यावर अडचणींचे रूप बदलले. त्या पिढीच्या चिप सामान्यतः ‘लेव्हल ४.१’ (या पद्धतीने ठरवलेली क्षमतेची एक पातळी) पर्यंतची हमी देत. या पातळीवर स्मृतीत ३२,७६८ ठोकळे (१६×१६ पिक्सेलचे चौकोन) मावतात. १९२०×१०८० च्या एका फ्रेमला ८,१६० ठोकळे लागतात, म्हणजे संदर्भासाठी (इतर फ्रेम रचताना आधार म्हणून) चारच फ्रेम ठेवता येतात. १२८०×७२० मध्ये नऊ चालतात. ही मर्यादा ओलांडलेली किंवा १०-बिट रंगांची एच.२६४ फाईल संगणकावर व्यवस्थित दिसते, टीव्हीवर तिचे चौकोन-चौकोन होतात. एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाईल ठेवता येत नाही.

सबटायटलची स्वतंत्र मजकूर-फाईल इंग्रजीपुरती ठीक चालते. देवनागरीत जोडाक्षरे आणि मात्रा जुळवणारी यंत्रणा लागते, ती अनेक जुन्या प्लेअरमध्ये नसते. ‘क्ष’ किंवा ‘र्य’ विस्कटतात किंवा नुसत्या चौकटी दिसतात. अशा वेळी मराठी सबटायटल चित्रातच कोरतात. डीव्हीडीवर सबटायटल चित्ररूपानेच साठवली जात असल्याने तेथे ही अडचण येत नाही.