कॅम्पसवरचा केंद्रीय अँटिव्हायरस : फ्लॉपीपासून कन्सोलपर्यंत

नोव्हेंबर १९८७. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाच्या लॅबमधून विद्यार्थ्यांनी नेलेल्या फ्लॉपी एकामागून एक 'खराब' म्हणून परत येऊ लागल्या. तपासणीत कमांड डॉट कॉम या डॉस प्रणालीच्या फाइलचा आकार नेहमीएवढाच भरला, पण तारीख बदललेली होती. व्हायरस त्या फाइलच्या रिकाम्या जागेत बसला होता, आणि चार डिस्कना लागण झाली की हाताखालची डिस्क पुसून टाकत होता. त्याच वर्षी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातही व्हायरस सापडला. एकाच यंत्रावर दिवसभरात वीस जण बसतात आणि प्रत्येकाच्या खिशात स्वतःची डिस्क असते. कॅम्पसचा हा स्वभाव फ्लॉपी जाऊन पेन ड्राइव्ह आला तरी तसाच राहिला.

सुरुवातीला प्रत्येक यंत्रापाशी जाऊन फ्लॉपीवरून तपासणी करायची, हाच मार्ग होता. चाळिसावे यंत्र साफ होईपर्यंत पहिल्यात पुन्हा लागण झालेली असे. नेटवर्क आल्यावर लॉगिन स्क्रिप्टची सोय झाली : यंत्र सर्व्हरवर लॉगिन झाले की स्क्रिप्ट आवृत्ती तपासे आणि जुनी असल्यास नवीन फाइल उतरवून घेई. पण जे यंत्र लॉगिनच करत नाही, ते यातून कायमचे सुटे. म्हणून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रत्येक यंत्रावर छोटा एजंट आणि मध्यभागी कन्सोल (सगळ्या यंत्रांची स्थिती एका जागी दाखवणारा पडदा) ही रचना रूढ झाली. एजंट ठरावीक वेळाने सर्व्हरला हजेरी देतो, पॉलिसी (काय आणि केव्हा तपासायचे याचे नियम) घेतो आणि काय सापडले ते कळवतो. केंद्रीय अँटिव्हायरसचे खरे मोल या हजेरीत आहे. कन्सोलवर लाल दिसणाऱ्या यंत्रापेक्षा मुळीच न दिसणारे यंत्र जास्त घातक.

ही हजेरी चुकण्याचे सर्वांत फसवे कारण म्हणजे क्लोनिंग. एका यंत्रावर सगळे सॉफ्टवेअर घालून त्याची इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, चाळीस यंत्रांवर उतरवली, की एजंटचा ओळख क्रमांकही चाळीस ठिकाणी तोच जातो. मग कन्सोलवर एकच नोंद दिसते आणि दर हजेरीला तिचे नाव बदलते : आता लॅबमधले सातवे यंत्र, थोड्या वेळाने एकोणिसावे. इमेज घेण्याआधी एजंटची सेवा थांबवून तो क्रमांक काढून टाकायचा आणि मधे यंत्र पुन्हा सुरू करायचे नाही. सुरू केले तर क्रमांक नव्याने तयार होतो आणि मेहनत वाया जाते. रीस्टार्टला मूळ स्थितीत परतणाऱ्या 'फ्रीझ' लॅबमध्ये वेगळीच गत होते. दिवसभरात आलेल्या सिग्नेचर (व्हायरस ओळखण्याच्या खुणा) रात्री पुसल्या जातात, सकाळी सगळी यंत्रे एकदम त्याच मागू लागतात. शंभर एमबीची पूर्ण फाइल पाचशे यंत्रांनी बाहेरून ओढली तर ५० जीबी होतात. त्यासाठी कॅम्पसमध्येच अपडेट सर्व्हर हवा, वेळा विखुरलेल्या हव्यात आणि फ्रीझ उघडून अपडेट करण्याची ठरलेली रात्र हवी.

२००३ च्या ऑगस्टने अँटिव्हायरसची मर्यादा दाखवली. ब्लास्टर हा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्राम, ११ ऑगस्टला पसरला; त्याने वापरलेल्या विंडोजमधल्या त्रुटीचा पॅच (दुरुस्ती) १६ जुलैलाच आला होता. नेमके सत्र सुरू होण्याच्या तोंडावर विद्यार्थ्यांचे लॅपटॉप वसतिगृहांत परतत होते. अँटिव्हायरस वर्मची फाइल काढे, पण १३५ क्रमांकाच्या पोर्टमागची, म्हणजे नेटवर्कच्या दारामागची, त्रुटी तशीच राही, आणि थोड्याच वेळात पुन्हा साठ सेकंदांची उलटी मोजणी होऊन यंत्र बंद पडे. आठवड्याने आलेला वेल्चिया हा दुसरा वर्म ब्लास्टर काढून पॅच बसवत होता, पण त्याच्या पिंगच्या (समोर यंत्र आहे का, हे विचारणाऱ्या संदेशांच्या) माऱ्याने नेटवर्कच गुदमरले. पॅच आणि अँटिव्हायरस तपासल्याशिवाय यंत्राला आत न घेणे, तोवर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या तोडून ठेवलेल्या भागात) ठेवणे ही पद्धत कॅम्पसवर या काळात रुळली.

२००६ मध्ये तर दार अँटिव्हायरसनेच उघडले. सिमँटेकच्या कॉर्पोरेट आवृत्तीतल्या त्रुटीची दुरुस्ती मे महिन्यात आली होती. तरी वर्षअखेरीस २९६७ क्रमांकाच्या पोर्टवरून शिरणाऱ्या वर्मला विद्यापीठांत जुन्या आवृत्त्या सापडल्या. सिग्नेचर ताज्या असणे आणि प्रोग्राम ताजा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कन्सोलवर दोन्हींचे रकाने शेजारी लावावेत.

उलट बाजूही आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या ५९५८ क्रमांकाच्या सिग्नेचर फाइलने विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही अस्सल फाइलच व्हायरस ठरवली आणि यंत्रे पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. नवी फाइल आधी प्रत्येक प्रकारच्या इमेजच्या दोन-तीन यंत्रांवर सोडून ती रीस्टार्ट करून पाहावी, मग परीक्षा विभाग आणि ग्रंथालयाचा सर्व्हर सोडून बाकी कॅम्पस, आणि हे दोन शेवटी. मात्र क्राउडस्ट्राइकचे ते अपडेट ग्राहकांनी लावलेल्या टप्प्यांना वळसा घालून गेले होते. म्हणून विकत घेतानाच विचारावे, की कोणती अपडेट आपल्याला थोपवता येतात आणि कोणती नाहीत.

मांडलेली रचना चालते का, हे पाहायला आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल पुरते. ती पेन ड्राइव्हवर घेऊन लॅबच्या कोपऱ्यातल्या यंत्राला लावावी आणि इशारा कन्सोलवर किती वेळात येतो ते घड्याळ लावून पाहावे. फाइल यंत्रावरून पुसली गेली पण कन्सोलवर नोंदच नाही, तर बहुधा फायरवॉलने एजंटचा पोर्ट अडवलेला असतो, किंवा इमेजमध्ये जुन्या सर्व्हरचे नाव राहून गेलेले असते.